हिरव्या फळ्यावरचे बिल्ले

३ जानेवारी

हजेरी लिहिणाऱ्या टाइमबाबूने आज ही डायरी दिली. कंपनीचं नाव छापलेली, कडक पुठ्ठ्याची. दरवर्षी या डायऱ्या साहेबलोकांना जातात, यंदा एक उरली म्हणून माझ्या पदरात पडली. म्हणाला, "काका, दिवसभर खिडकीत बसून असता, काहीतरी लिहीत जा." मी काय लिहिणार, कपाळ! पण फुकट आलेली वस्तू वाया घालवायची सवय नाही मला.

तर लिहितो. मी दिवेखोलीवाला. खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस माझ्या खिडकीतून टोपीचा दिवा नेतो आणि वर आला की परत करतो. दिवा नेला की त्याचा पितळी बिल्ला मी हिरव्या फळ्यावरून काढून लाल फळ्यावर अडकवतो. लाल म्हणजे माणूस खाली, हिरवा म्हणजे वर. दोन्ही फळे दिवेखोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, फाटकाकडे तोंड करून टांगलेत. आमच्या खाणीला माणसं वरखाली नेणारा पिंजरा नाही, माणसं उतारावरून पायी जातात नि पायी येतात. त्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर हे अख्ख्या खाणीत एकाच जागी कळतं, माझ्या भिंतीवर. मोठे साहेबसुद्धा तिथेच येऊन बघतात. म्हणजे हुद्दा लहान असला तरी माझ्यावाचून अडतं सगळ्यांचं. हे मी उगाच फुशारकी मारत नाहीये, आहे ते लिहितोय.

पूर्वी मीही खालीच होतो. गुडघा गेला तेव्हा वर घेतलं.

९ जानेवारी

नवी खुर्ची आली! हात असलेली, बुडाखाली गादी. टाइमबाबूने मोठ्या साहेबांकडे शब्द टाकला म्हणे. माणूस भला आहे. लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात, पगार कापतो म्हणून, पण हजेरी ठेवणाऱ्याने हजेरी नाही ठेवायची तर काय भजनं म्हणायची?

२१ जानेवारी

आज पाळी पुन्हा लांबली. पहिल्या पाळीचा सुटायचा भोंगा दुपारीच होतो, दुसरी पाळी रात्रीच उतरते, पण खाली मुकादम काही सोडत नाही. "एवढे कोळशाचे डबे भरा मग सुटा" हे त्याचं रोजचंच. माणसं दिवेलागणीला वर येतात, तोंडं काळीठिक्कर, बोलायचंही त्राण नाही. या जास्तीच्या वेळेचा पगार कुणी देत नाही. त्याबद्दल मी काय करणार, माझ्या हातात फक्त दिवे आहेत.

पण बायकांचं मला बघवत नाही. भोंगा झाला की त्या फाटकाशी येतात, लेकरं काखेत घेऊन, आणि टक लावून लाल फळा बघतात. आपल्या माणसाचा बिल्ला कुठल्या खिळ्यावर हे प्रत्येकीला पाठ. पूर्वी लाल हलेना तेव्हा चेहरे बघायला हवे होते त्यांचे. अंधार पडेपर्यंत नुसत्या उभ्या असायच्या.

माझी बायको अशीच उभी राहायची. आयुष्यभर. मी वर आलो की म्हणायची, "दिसलात एकदाचे," आणि पुढे चालू लागायची. छातीचं दुखणं तिला तिथेच लागलं असं माझं मन सांगतं, डॉक्टर काही म्हणोत. ती गेली आणि त्यानंतर मी इथे बसायला लागलो. पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं, हे असं उभं राहणं मी कुणाला करू देणार नाही. भोंगा झाला की मी सगळे बिल्ले हिरव्यावर लावून टाकतो. माणसं खाली असोत नसोत. बायका बघतात, हुश्श करतात, हसत घरी जातात. उशिरा का होईना, माणूस तर येणारच आहे. मग जिवाला घोर कशाला?

कुणालाच सांगितलेलं नाही हे. चांगली गोष्ट सांगत फिरली की तिचा बाजार होतो.

२२ जानेवारी

कुणाला सांगितलं नाही असं लिहिलं ते तितकंसं खरं नाही. टाइमबाबूला ठाऊक आहे. रोज भोंग्यानंतर तो फळ्याचा फोटो काढतो मोबाइलवर. मागे मी जरा चाचरलो होतो, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही देवमाणूस आहात. असंच चालू द्या." आज म्हणाला, "बिल्ले कसे एका ओळीत लावता हो! बघत राहावंसं वाटतं." घरी बायकोला दाखवत असेल.

६ फेब्रुवारी

लेक खिडकीशी आली होती. डबा द्यायला म्हणून आली पण डबा द्यायचं विसरूनच उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, वर आल्यावर ही माणसं जातात कुठे?"

"कुठे जाणार? आंघोळ करतात, चहा ढोसतात, चकाट्या पिटतात. पुरुषच ते."

"रोज? अंधार पडेपर्यंत?"

"अगं, नवरा जरा मित्रांत बसला तर लगेच पोलिसी तपास? तुझ्या आईने मला कधी विचारलं नाही बाई."

ती हसली नाही. "आईला विचारायची गरज नव्हती," एवढंच बोलली आणि गेली. डबा घेऊनच गेली परत! नवीन संसार आहे, रुसवेफुगवे चालायचेच. जावईही पहिल्याच पाळीत खाली जातो, सोन्यासारखा आहे. तिखट आहे जरा, पण माणूस सरळ.

१९ फेब्रुवारी

जावईबापू घरी आले. एकटेच. मी म्हटलं, "काय हो, घरून हाकलून दिलं की काय?" तर म्हणाले, "जवळजवळ."

लेक त्यांच्याशी बोलत नाही म्हणे. यांनी सांगितलं की जादा काम होतं, तर म्हणते जादा कामाचा पैसा पगारात दिसत नाही, आणि बिल्ला भोंग्यालाच हिरव्यावर लागतो. "मामा, मला कळेना हा बिल्ल्याचा काय घोळ आहे. मी म्हटलं, तिची बघण्यात चूक झाली असेल."

मी म्हटलं, "लांबून बघतात, होते चूक." चहा जरा जास्तच उकळला आज.

मग खरा विषय निघाला. जावई आणि पहिल्या पाळीची माणसं मिळून कामगार अधिकाऱ्याकडे दावा लावताहेत, दोन वर्षांच्या जादा कामाचा दुप्पट दराने पगार मिळावा म्हणून. वकीलबाई गाठली आहे, फी नंतर द्यायची. पैसे हातात आले की जावई खाली उतरणं बंद करणार. रस्त्याला टायर पंक्चरचं दुकान टाकायचं ठरवलंय, जागाही बघून ठेवलीय. "मामा, खोकल्याचा आवाज बदललाय माझा. पोर होईल त्याच्या आत मला वर यायचंय. कायमचं." असं म्हणाले आणि कपाकडे बघत बसले.

मी त्यांचा कप पुन्हा भरला. म्हटलं, "मी काय करू शकतो सांगा."

"साक्ष द्या. कोण कधी वर येतं हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?"

हो म्हटलं. जावयाला नाही कसं म्हणणार?

२ मार्च

झोप नाही. साक्षीत सगळं सांगायचं म्हणजे बिल्ल्यांचंही सांगावं लागेल. खाणीच्या कायद्यात फळा खोटा लावणं म्हणजे मोठा गुन्हा, नोकरी जाईल, घर कंपनीचं तेही जाईल. पण कदाचित तो प्रश्नच निघणार नाही. मी आपला सांगेन, माणसं उशिरा येतात, दिवे उशिरा परत मिळतात. संपलं. बिल्ल्यांना मध्ये कोण आणतंय?

टाइमबाबू दुपारी सहज येऊन बसला. "काका, उद्या घाबरू नका. विचारलं तेवढंच सांगा. तुमचं काम चोख आहे, ते छातीठोक सांगा म्हणजे झालं." अशा वेळी दोन शब्द धीराचे कोण बोलतं?

३ मार्च

लिहायला हात उठत नाही. तरी लिहितो.

कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत गर्दी होती. वकीलबाईंनी विचारलं, माणसं उशिरा वर येतात का? मी म्हटलं, येतात. जावयाने मान हलवली, शाब्बास म्हणाल्यासारखी. मग कंपनीचा वकील उठला. गोड माणूस. म्हणाला, "काका, फळ्याची जबाबदारी कुणाची?" माझी. "संकट आलं तर आत किती माणसं आहेत हे त्या फळ्यावरूनच बघतात ना?" हो. "म्हणजे फळा चुकला तर जीव जाईल." हो. "मग तुमचा फळा चुकतो का?"

आता हे काय विचारणं झालं! सगळी माणसं बघताहेत, साहेब बसलेत, मी पांढऱ्या केसांचा माणूस. तोंडून निघून गेलं, "बावीस वर्षांत एकदाही नाही."

त्याने टाइमबाबूच्या मोबाइलवरचे फोटो अधिकाऱ्यासमोर ठेवले. दोन वर्षांचे. रोज भोंग्यानंतरचे. सगळे बिल्ले हिरव्यावर, एका ओळीत.

मी काही तरी बोलायला लागलो होतो. अधिकारी म्हणाला, "झालं तुमचं, बसा." मी बसलो. बसायला नको होतं. उठून ओरडायला हवं होतं.

जावई फोटो बघत होते. एका फोटोवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "या दिवशी मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो." कुणाला उद्देशून नाही. आणि मग माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

४ मार्च

फोटो बायकोला दाखवायला काढत होता असं वाटलं होतं मला. किती मूर्ख असावं माणसाने!

७ मार्च

लेक आली. दार लावून घेतलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

"तुम्ही लावायचात बिल्ले?"

"अगं, तुम्हा बायकांना उभं राहावं लागू नये म्हणून. तुझी आई..."

"आईचं नाव घेऊ नका आत्ता." तिचा आवाज चिरका झाला. "मी त्यांना काय काय बोलले, माहीत आहे? दुसरी बाई आहे का असं विचारलं मी. तो माणूस पाण्यातून वर येऊन, अंगाला चिखल, आणि मी दारात उभी राहून विचारतेय, कुठे होतात! आणि तो म्हणतो खाली होतो, आणि मी म्हणते खोटं बोलू नका, मी बिल्ला बघितलाय." मग रडली. मी पाणी दिलं, घेतलं नाही. "तुम्हाला विचारलं होतं मी, बाबा. खिडकीशी येऊन विचारलं होतं."

खरंच विचारलं होतं. मी चकाट्यांचा विनोद केला होता.

जाताना म्हणाली, "पुढच्या तारखेला खरं सांगा. मला बाकी काही नको."

१६ मार्च

खरं सांगायचं ठरवलं. मग दिवसभर नाही ठरवलं. बिल्ले अजून हिरव्यावरच लावतोय. टाइमबाबू म्हणाला, "आता एकदम बंद केलंत तर लोक विचारतील, आधीचं काय होतं मग?" पटलं. पटायला नको होतं, पण पटलं. आज फोटो काढताना तो माझ्याशी बोललाही नाही, बिल्ल्यांचं कौतुक दूरच.

खुर्ची काढून टाकलीय. जुन्या स्टुलावर बसतो. गुडघा ठणकतो, ठणकू दे.

२३ मार्च

पंखा बंद पडला. नाही, पडला नाही, बंद केला. आणि माझ्यामुळे केला.

टेकाडावरच्या मोठ्या पंख्याने खाणीत हवा जाते. त्याची घरघर इथे रात्रंदिवस असते, इतकी की कुणाला ऐकूच येत नाही. आज दुपार कलताना मी दिवे पुसत होतो आणि अचानक सगळं शांत झालं. नळावरच्या बायकासुद्धा बोलता बोलता थांबल्या. क्षणभर मला कळेना काय झालं. मग कळलं, घरघर थांबली होती.

मिस्त्री पंख्याचा पट्टा बदलायला आला होता. नियमाप्रमाणे आधी फळा बघून गेला. फळा सगळा हिरवा. आत कुणी नाही म्हणून त्याने पंखा बंद केला. आणि आत पहिल्या पाळीची माणसं होती, जावई होता.

पळालो. या गुडघ्याने टेकाड चढलो, कसा ते विचारू नका. "आहेत! आत माणसं आहेत! चालू कर!" मिस्त्री म्हणतो, "काका, फळा तर..." मी म्हटलं, "फळा खोटा आहे! मी खोटा लावलाय! रोज लावतो!" खाली फाटकात बायका होत्या, मोठे साहेब होते, सगळ्यांनी ऐकलं. जी गोष्ट कचेरीत बसल्या जागी सांगता आली नाही ती टेकाडावर उभा राहून ओरडलो.

पट्टा पुन्हा चढवेपर्यंत उतारावर डोळे लावून उभा होतो. माणसं एकेक करत वर आली, एकमेकांना धरून, डोकी गच्च झालेली, दोघे ओकत होते. जावई सगळ्यांत शेवटी आले, कारण ते बाकीच्यांना पुढे काढत होते. लेक धावत गेली. मी जागचा हललो नाही. माझ्या खिडकीशी येऊन त्यांनी दिवा ठेवला, आणि फळ्यावर हिरव्या खिळ्याला लटकलेला स्वतःचा बिल्ला बघितला.

"मेलो असतो तर," ते खोकत म्हणाले, "वर आलोच होतो, नाही का मामा?"

२७ मार्च

बडतर्फ. दीड महिन्यात घर खाली करायचं. चौकशीत टाइमबाबूने सांगितलं की दिवेखोलीवाल्याने कंपनीला अंधारात ठेवलं. माझ्याकडे बघून नाही सांगितलं, एवढी लाज होती.

११ एप्रिल

आज दुसरी तारीख. मी सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही, बायकोचं उभं राहणंही सांगितलं, फळा हिरवा असताना दिवेखोलीत रिकाम्याच राहणाऱ्या दिव्यांच्या कप्प्यांचंही सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, छान बोललात.

मग गोड वकील उठला. "काका, गेल्या वेळी म्हणालात, बावीस वर्षांत एकदाही चूक नाही. आज म्हणता, रोज खोटा. जावयाच्या दाव्यात सासऱ्याचं कुठलं बोलणं खरं धरायचं?" मी म्हटलं, "आजचं." लोक हसले. माझ्याच बाजूची माणसं हसली.

२ मे

निकाल लागला. फोटो कंपनीच्या बाजूने, माझी साक्ष धरली नाही. तरी एक दिवस असा सापडला की ज्या दिवशी भोंग्यानंतर माणसं आत होती हे कंपनीलाही नाकारता येत नव्हतं, कारण गावाने बघितलं होतं. पंखा बंद झाला तो दिवस, वकीलबाईंनी मागाहून दाव्यात जोडलेला. त्या एका दिवसाचा जादा पगार दुप्पट दराने द्यावा असा हुकूम झाला.

दोन वर्षांतला एक दिवस.

टायरच्या दुकानाची जागा दुसऱ्याने घेतली म्हणे. जावई म्हणाले, "बघू." पुन्हा खाली जायला लागलेत. बाहेर काम कुठे आहे?

१० मे

लेकीकडे राहायला आलो. माझी पेटी जावयाने स्वतः उचलून आणली. मी म्हटलं, "मी कुठेही राहीन, कुणीतरी ठेवून घेईल." तर म्हणाले, "आता पुरे मामा, उगाच नाटकं नकोत. पेटी जड आहे." लेकीने माझं अंथरूण खिडकीजवळ घातलं. दोघांपैकी कुणीही मला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

२६ मे

आज लेकीबरोबर फाटकाशी गेलो. तिला आता सातवा चालू आहे, एकटी कशाला जाऊ द्यायची. बरोबर घडीचं स्टूल नेलं.

दिवेखोलीत नवीन पोरगा बसतो. चोख आहे. दिवा हातात आल्याशिवाय बिल्ला हलवत नाही. भोंगा झाला तेव्हा अख्खा फळा लालच्या लाल होता. मुकादम अजूनही तसाच आहे, फक्त फळा बदललाय. वकीलबाई म्हणतात, आता पुढचा दावा लावता येईल, निदान यापुढचा. मागचं गेलं ते गेलं.

बायकांनी मला बघून जागा दिली. कुणी कुजबुजलं नाही. एक जण, जिचा नवरा त्या दिवशी ओकत वर आला होता, तीच म्हणाली, "काका, तुमच्या वेळी घरी जाऊन स्वयंपाक तरी व्हायचा. आता पायाचे तुकडे पडतात." टोमणा होता की नाही, कळलं नाही. बहुतेक नव्हता, ती खरोखरच दमली होती.

मी स्टूल उघडून लेकीपुढे ठेवलं. "बस बाळ. नाहीतर घरी जा, मी थांबतो. येतीलच ते."

"नको," ती म्हणाली. डोळे फळ्यावर. "मी बघते."

मग मीही उभा राहिलो. बावीस वर्षं त्या भिंतीला पाठ लावून बसलो, पण या बाजूने फळा कधी बघितला नव्हता. लांबून बिल्ले सगळे सारखेच दिसतात. तरी लेकीला तिचा बरोबर माहीत होता. माझ्या बायकोलाही माझा असाच माहीत असणार. उजेड कमी होत गेला, गुडघा सुजला, स्टूल तसंच रिकामं राहिलं. बसावंसं वाटेना. पोरी, मला वाटलं होतं की मी तुमचं हे उभं राहणं वाचवतोय. तुझ्या आईची शपथ, खरंच वाटलं होतं. हे तिला म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही.

दिवे लागल्यावर जावई आले. काळेठिक्कर, खोकत. दिवेखोलीतल्या पोराने दिवा घेतला, बिल्ला लालवरून हिरव्यावर टांगला. मगच लेक पुढे झाली. त्यांच्या हातातला डबा घेतला, पदराच्या टोकाने कपाळावरचा कोळसा पुसला, आणि तिघे घरी निघालो.

पूर्वी ती रोज विचारायची, इतका वेळ कुठे होतात. आज विचारलं नाही.